खेमगाव कुणाचं?

वणीच्या गडाकडे पायी निघालेली माणसं खेमगावात चिंचेखाली टेकतात. तिथंच बसून कौतिक त्यांच्या चपला शिवतो. कॉलेज त्यानं सोडलं, चौकसपणा काही सुटला नाही. गावाला हे नाव कसं पडलं, असं तो प्रत्येक म्हाताऱ्याला विचारी आणि प्रत्येक म्हातारा नवी थाप मारी.

यंदा चैत्रात तात्या पाटील चिंचेला कुंपण घालायला तार घेऊन आले.

"माझ्या पणजोबांनी, खेमाजीरावांनी गाव वसवलं. त्यांचंच नाव गावाला, म्हणून चिंच आमची. ऊठ."

गावातल्या जाणत्यांनी माना डोलावल्या. जन्मभर त्यांनी दुसरं केलं तरी काय?

कौतिक उठला तो थेट पाटलांच्या आईकडे गेला; ती तिथंच यात्रेकरूंना पाणी देत होती. सुनेनं थोरांचं नाव घ्यायचं नाही, ही रीत म्हातारीनं कडक पाळलेली. सासरे सोनाजी, म्हणून ती सोन्यालाही 'पिवळं' म्हणे.

"आजी, कुठं राहता तुम्ही?"

"खेमगावात. साठ वर्षं झाली, तुला ठाऊक नाही का रे?"

कौतिक वळला. "तात्या, सासऱ्यापायी सोनं न म्हणणारी बाई आजेसासऱ्याचं नाव चारचौघांत घेईल? एकतर गावाचं नाव खेमाजीरावांवरून नाही, नाहीतर तुमच्या आईला रीत कळत नाही. काय ते तुम्हीच सांगा."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "हां, सांग की."

तार मुकाट्यानं ट्रॅक्टरवर परत चढली.

आता कुणी नावाचं विचारलं, की कौतिक चप्पल शिवता शिवता म्हणतो, "कुणाचं ते अजून शोधतोय. कुणाचं नाही, ते तात्यांना विचारा."