युद्धापुरते गप्प

नदीच्या वळणावर पसरलेल्या एका जंगलात बेहड्याचे एक भलेमोठे झाड होते. झाडावर एक म्हातारा वानर आपल्या टोळीसह राहत असे आणि झाडाखाली एक हरिणी आपल्या कळपासह चरत असे. वानर तसे उधळे. फळ तोडायचे, एक चावा घ्यायचा, नाही आवडले की खाली टाकायचे. कोवळी पाने तर ते खाण्यापेक्षा सांडतच जास्त. हरणांचे अर्धे पोट त्या सांडलेल्यावर भरे. हरणे वाऱ्यावर नाक ठेवून असत आणि वानर उंचावरून लांबवर पाहत. गवतात बिबट्या दिसला की म्हातारा वानर शेंड्यावरून ओरडे, "खॉक्! खॉक्!" पुढच्या क्षणी झाडाखाली एकही हरीण नसे. हा करार कोणी बसून केला नव्हता. पण तो कधी मोडलाही नव्हता.

मग युद्ध झाले. ते का झाले हे, मुलांनो, मला विचारू नका. लढणाऱ्यांनाही ते शेवटी आठवत नव्हते. नदीपलीकडच्या रानकुत्र्यांनी एका जंगलावर हल्ला केला, त्याच्या मदतीला दुसरे जंगल धावले, दुसऱ्याच्या वैरापोटी तिसरे उठले, आणि पाहता पाहता जेवढी म्हणून जंगले होती तेवढी त्यात ओढली गेली.

रानकुत्र्यांपुढे एकट्याने टिकणे शक्य नव्हते, म्हणून बेहड्याच्या या जंगलाचा प्रमुख असलेल्या गव्याने बिबट्यालाही सोबत घेतले. बिबट्याने एकच अट घातली. "मी तुमच्या बाजूने लढायचं आणि या वानराने माझ्याच नावाने बोंब मारायची? ते चालायचं नाही." तेव्हा नियम झाला की बिबट्याला पाहून कोणी ओरडायचे नाही. दुसरा नियम फळांचा. फळे खाली टाकायची नाहीत, एका गुहेत जमा करायची. ती कोल्ह्याने सांभाळायची. आधी लढणाऱ्यांना द्यायची, उरली तर बाकीच्यांना. वाटप सुरू झाले की सगळ्यांना बोलवायला मोठा आवाज हवा होता. साऱ्या जंगलाला ऐकू जाईल असे एकच ओरडणे होते, ते म्हाताऱ्या वानराचे. बिबट्यासाठी ते आता लागणारच नव्हते, म्हणून तेच वाटपासाठी वापरायचे ठरले.

"हे किती दिवस?" हरिणीने विचारले.

"युद्धापुरतं गं, ताई," कोल्हा म्हणाला. "युद्ध संपलं की तुझं झाड तुला आणि तुझा वानरही तुला."

वेळच तशी होती. हरिणीने मान डोलावली.

युद्ध लांबले. हरिणीचा जोडीदार नदीच्या उतारावर मारला गेला आणि त्यानंतर तिला पाडस झाले. ते चालायला लागले त्या सुमारास रानकुत्रे मागे हटले. आपण जिंकलो असे प्राण्यांना सांगण्यात आले, पण नाचण्याइतके बळ कोणाच्याच पायात नव्हते.

जगही पहिल्यासारखे उरले नव्हते. ज्या वाघाच्या डरकाळीवर पूर्वी आसपासची जंगले चालत, तो आता लंगडत पाणी प्यायला येई आणि त्याला कोणी वाट देत नसे. सगळे ऐकत ते दूरच्या डोंगरावरच्या हत्तींचे. त्यांच्या रानापर्यंत युद्धाची आग पोहोचलीच नव्हती, आणि त्यांच्याकडे खारी माती होती. ती चाटल्याशिवाय जखमी प्राण्यांना उभे राहता येत नव्हते. जिंकलेले आणि हरलेले एकाच पायवाटेने तिच्यासाठी डोंगर चढू लागले. हत्ती मातीच्या बदल्यात फळे मागत. त्यामुळे फळांची गुहा बंद झाली नाही. उलट कोल्ह्याने शेजारची गुहाही घेतली. फळे वाहून नेणाऱ्या वानरांनाही माती मिळू लागली. त्यांना तिची अशी चटक लागली की आता ते एक पानसुद्धा खाली सांडत नसत. बेहड्याखालची जमीन उघडी पडली.

विजयाची सभा भरली तेव्हा हरिणी पाडसाला घेऊन गेली. बिबट्या गव्याच्या शेजारी बसला होता.

"युद्ध संपलं," ती म्हणाली. "आता वानराला पहिल्यासारखं ओरडू द्या."

"अगं, गळ्यातले हार अजून सुकले नाहीत आणि तुझं रडगाणं सुरू!" कोल्हा म्हणाला.

"हार तुमच्या गळ्यात आहेत, कोल्होबा. आमच्या गळ्यापाशी दात येतात."

मागे कोणीतरी फिसकन हसले आणि बिबट्याकडे पाहून गप्प झाले.

बिबट्या रागावला नाही. "ताई, मी तुमच्यासाठी लढलो," तो म्हणाला. "हा कान बघा, अर्धाच राहिलाय. तरी माझ्यावर विश्वास नाही?"

"तुम्ही लढलात, हे मी नाकारत नाही. पण विश्वास नाही."

गव्याने डोळा मिटला. त्याला एकच डोळा उरला होता. "पोरी, तू म्हणतेस ते चूक नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "पण शांतता अजून कोवळी आहे. मित्र दुखावला तर पुन्हा सगळं पेटेल. आणि पेटलं तर विझवायला आता आहे कोण? थोडं थांब."

हरिणीने सभेकडे पाहिले. कोणी जखमा चाटत होते, कोणी बसल्या जागी पेंगत होते. तिच्या बाजूने बोलायला तोंड उघडावे एवढाही हुरूप कोणात नव्हता. तीसुद्धा थकली होती. "बरं," ती म्हणाली, "थांबते."

मुलांनो, या गोष्टीत जे बिघडले ते इथे बिघडले. बिबट्या बिबट्यासारखा वागला आणि कोल्हा कोल्ह्यासारखा. त्यांच्याकडून वेगळे काय होणार होते? पण ज्यांचे नुकसान होत होते ते सगळे "थांबतो" म्हणाले आणि झोपायला गेले.

हरिणी थांबली. पावसाळा गेला, थंडी गेली. अधूनमधून एखादे पाडस नाहीसे होई. सभा त्याला गैरसमज म्हणे. हरिणी आपल्या पाडसाला एकटे सोडत नसे, पण वानराच्या ओरडण्याचा जुना अर्थ तिने त्याला सांगितला नाही. ते ओरडणे ऐकून पाडस पळू लागले तर वाटपाला मुकेल, उपाशी राहील, असे तिला वाटे. एकदा नियम बदलला की शिकवू, काय घाई आहे?

एके दिवशी ऊन कलत असताना म्हातारा वानर शेंड्यावर बसला होता. खाली हरिणी आणि पाडस गवताची पाती शोधत होते. पलीकडच्या उंच गवतात ठिपके हलले. ते गवत गुहेच्या वाटेवर होते.

"आजोबा, गप्प बसा हं," एक तरुण वानर घाईने म्हणाला. "तो आपला मित्र आहे. ओरडलात तर आपली माती बंद होईल."

"आग लागो त्या मातीला!" म्हातारा म्हणाला, आणि सगळा जीव गळ्यात आणून ओरडला, "खॉक्! खॉक्!"

हरिणीने विचारही केला नाही. तिच्या पायांना जुना अर्थ ठाऊक होता. दोन उड्यांत ती झाडीत शिरली आणि तिने मागे वळून पाहिले.

पाडसाचे कान आनंदाने उभे राहिले होते. "आई, वाटप!" ते म्हणाले. "चल ना लवकर!" आणि ते गुहेच्या वाटेने, उंच गवतातून, धावत सुटले.

हरिणी परत फिरली, पण बिबट्या तिच्यापेक्षा जवळ होता.

त्यानंतर सभा भरली. आजवर गप्प राहिलेले प्राणी या वेळी ओरडले, आणि नियम रद्द झाला. वानरांना पुन्हा मोकळेपणाने ओरडायची परवानगी मिळाली. कोल्ह्याने सर्वांच्या वतीने हळहळ व्यक्त केली. हरिणी ती ऐकायला गेली नव्हती.

ती बेहड्याखाली उभी होती. भोवती कळपातली उरलेली पाडसे होती. "आजोबा, ओरडा," ती वर पाहून म्हणाली.

"अगं, आत्ता कुठे काही नाही."

"म्हणूनच म्हणते. आत्ता ओरडा."

वानर ओरडला. सगळी पाडसे गुहेकडे धावली. हरिणी वाट अडवून उभी राहिली आणि एकेकाला डोक्याने ढकलून उलट दिशेला लोटू लागली. पाडसे भेदरली, काही रडली. त्यांच्या आया दुरून पाहत होत्या. हिला दुःखाने वेड लागले असे त्यांना वाटत होते. पुन्हा वानर ओरडला, पुन्हा पाडसे गुहेकडे धावली.

"हा काय गोंधळ चाललाय?" कोल्हा येऊन म्हणाला. "पोरं अशी बावचळली तर वाटपाला येतील कशी?"

"वाटपाला दुसरा आवाज शोधा," हरिणी म्हणाली. "तुम्हीच ओरडा, कोल्होबा. तुमचा गळा काय वाईट आहे?"

अंधार पडत आला तेव्हा एक पाडस प्रथमच योग्य दिशेला पळाले. बहुधा त्याला ओरडण्याचा अर्थ कळला नव्हता. हरिणीच्या धक्क्याला भिऊनच ते पळाले असावे. तिने त्या पाडसाला थोडा दम घेऊ दिला, परत झाडाखाली आणून उभे केले आणि मान वर केली.

"आजोबा," ती म्हणाली, "पुन्हा."

तात्पर्य : संकटापुरते म्हणून जे हातचे सोडले, ते संकट सरताच परत मागावे, कितीही थकवा आला असला तरी; उशीर केला तर ते परत मिळते, पण त्याचा उपयोग ठाऊक असलेले कोणी उरत नाही.