ठकूमायचा लांब नमस्कार

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या आंबेवझरातल्या घरांवर अजून कौलं यायची होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूमाय नावाची सुईण होती. तिची पाठ अशी वाकडी, की एक खांदा कानाला टेकायचा आणि दुसरा पार खाली. छातीत हवा मावायची नाही. चार शब्द बोलली की धाप लागायची. म्हणून बाई मोजकंच बोलायची, पण बोलली की झोंबायचं!

तिला एकच खोड. वाटेत पोर दिसलं की म्हणायची, "पाया पड." आणि पोर वाकलं की त्याला लवकर उठूच द्यायची नाही. बायका कुजबुजायच्या, "सुईणीला देव व्हायची हौस आलीया!"

एकदा गोंदाजी तेल्याची केशर, अकरा-बारा वर्षांची पोर, अशीच वाकली. ठकूमायने नेहमीसारखा तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो एका जागी थबकला. पाठीची एक बाजू वर आली होती. लहानपणी ठकूमायचं स्वतःचंही असंच सुरू झालं होतं, आणि तेव्हा कुणी बघितलंच नव्हतं.

"साळू, पोरीची पाठ वाकतीया," ती केशरच्या आईला म्हणाली.

"हळू बोल गं माय! लगीन व्हायचंय तिचं." साळूने पोरीला ओढत घरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"आधी दम, मग लगीन!" म्हणत ठकूमायने तेल्याच्या दारात ठाण मांडलं. असं म्हणतात, तिच्या हट्टापुढे घाण्याचा बैलसुद्धा जागचा हलेना. शेवटी गोंदाजीने हात टेकले.

मग ठकूमाय सांगेल तसं रोज केशरने चिंचेच्या फांदीला लोंबकळायचं, नदीत पोहायचं, दबलेल्या बाजूत श्वास भरायचा. असं म्हणतात, पोरीचा हात पोचेना तेव्हा चिंचेने आपणहून फांदी खाली केली.

पुढे एका जत्रेला केशर एका दमात टेकडी चढली आणि वरून अशी आरोळी ठोकली, की तीन गावांची कुत्री भुंकायला लागली! पायथ्याशी ठकूमाय धापा टाकत हसत होती, आणि रडतही होती.

केशरची पाठ सुतासारखी सरळ झाली, असं म्हणतात. खरं सांगू? थोडा बाक राहिलाच. पण तो वाढला नाही, आणि पोरीचा दम कधी तुटला नाही.

आजही चैत्रात गावची सगळी पोरं देवळापुढे रांगेने वाकतात. म्हाताऱ्या बायका पोरांच्या पाठींवरून हात फिरवतात, आणि आता तालुक्याहून डॉक्टरीणबाईही येतात. ज्याची पाठ वाकडी निघेल त्याला कुणी लपवत नाही. त्याला खांद्यावर घेतात, हलगी कडाडते आणि अख्खं गाव ओरडतं, "ठकूमायचं पोर सापडलं!"