माळावरच्या कोर्टाची खिडकी

या, या. अहो, चपला काढू नका, देऊळ नाही हे, कोर्ट आहे. आणि बसूही नका, या खिडकीशी आलं की मला बसवतच नाही. बघा, चहूकडे नुसता गवताळ माळ. तिकडे पूर्वेला लिंडेन, पश्चिमेला मार्लो. दोन्ही गावं सोडून जिल्ह्याचं कोर्ट असं मधेच एकटं का, हे पाहुणे हमखास विचारतात. नेब्रास्कात माझे केस पिकले, पण ही गोष्ट सांगताना अजून जीव थाऱ्यावर राहत नाही.

फार पूर्वी कोर्ट लिंडेनमध्ये होतं, म्हणे. साधं लाकडी घर. पुढे मतदान झालं आणि जिल्ह्याचं ठाणं मार्लोला न्यायचं ठरलं. लिंडेनवाले घर सोडेनात, मार्लोवाल्यांना दम धरवेना. त्यातच थिओडोर व्राना नावाच्या, युरोपातून आलेल्या एका चेक पोराचा खटला उभा राहिला. एक कोठार जळालं होतं आणि आत त्याचा मालक मेला होता. पुरावा काय, तर एका साक्षीदाराने तिन्हीसांजेला लांबून माळावर एक माणूस जाताना पाहिला आणि चालीवरून तो थिओडोरच म्हणून ओळखला. एवढ्यावर पोराच्या गळ्याला फास लागायचा होता!

इथे आरोपी दोषी की निर्दोष, हे न्यायाधीश नाही ठरवत. जिल्ह्यातली बारा साधी माणसं ठरवतात, त्यांना ज्युरी म्हणायचं. बाराही जणांचं एकमत लागतं, आणि ते होईपर्यंत बाहेरच्या कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही. तेव्हा अकरा जण पोराच्या विरुद्ध होते. एकटा होल्म सुतार म्हणत होता, "मला खात्री वाटत नाही." का, ते मात्र त्याला सांगता येईना. अकरा जण त्याच्यावर खेकसत होते आणि तो खोलीत येरझाऱ्या घालत होता.

आणि घर हललं! मार्लोवाल्यांनी खाली ओंडके सारून बैल जुंपले होते. आत ज्युरी बसलीय, पण पर्वा कुणाला? लिंडेनवाले बंदुका घेऊन मागे धावले आणि या इथे, अर्ध्या वाटेत, त्यांनी बैलांचे दोर कापले. तेव्हा शेरीफ, म्हणजे जिल्ह्याचा पोलीसप्रमुख, दारात आडवा उभा राहिला आणि ओरडला, असं सांगतात, "निकाल लागेपर्यंत हे घर तसूभर हलणार नाही!"

बाहेर दोन गावं दात-ओठ खात उभी. आत बारा जणांच्या पोटात कावळे. वाऱ्याने भिंती करकरत होत्या. ज्युरीचा म्होरक्या केलर, सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. दिवस कलताना त्याला या खिडकीतून लांबवर एक बाई दिसली, हातात गाठोडं घेऊन येणारी.

"माझी मार्था!" तो म्हणाला. "जेवण आणतेय बघा. हजारांत तिची चाल ओळखेन. शपथेवर सांगतो!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. होल्म तेवढा खिडकीबाहेर बघत राहिला. बाई जवळ आली आणि तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारला. ती थिओडोरची आई होती. लेकाचा निकाल ज्या घरात अडकला ते घरच चालू लागलं, म्हणून ती माउली त्याच्या मागोमाग चालत आली होती.

केलर खिडकीपासून मागे सरला, म्हणे. "मी शपथेवर बोललो होतो," एवढंच पुटपुटत राहिला. मग बाराही जणांनी पोराला निर्दोष ठरवलं. बाहेर येऊन केलरने सगळ्यांसमोर हात जोडले आणि हे घर आता इथून हलवू नका म्हणाला. गावांची भांडणं काही मिटली नाहीत, पण घर राहिलं.

खरं-खोटं देव जाणे. वकील तर नाकं मुरडतात. ज्युरीने कोर्टातला पुरावा बघायचा, खिडकीबाहेरचा नाही, म्हणतात. बरोबरच आहे त्यांचं. तरी आजही इथे मत देण्याआधी ज्युरीतल्या प्रत्येकाने या खिडकीत उभं राहून माळाकडे बघायचं, अशी रीत आहे.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. गेल्या वर्षी ज्युरीत माझंही नाव निघालं. रीत म्हणून उभी राहिले इथे. लांबून कुणीतरी येत होतं. एक खांदा जरासा झुकलेला, हात पाठीमागे बांधलेले. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अगंबाई, हे आले वाटतं!"

आमचे हे जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.