पालखेडची तहान

"...म्हणजे पालखेडला लढाई झालीच नाही, असं तुझं म्हणणं?"

"झालीच नाही, बाबा. मोठी चकमक नाही, कापाकापी नाही. निजाम नुसता वेढला गेला आणि तहाला तयार झाला. मग बाजीरावाचा विजय कसला?"

म्हाळूबाबा खेमनर चरणाऱ्या मेंढरांवर नजर ठेवून ऐकत होते.

वैजापूरकडच्या माळांवर त्यांनी साठ वर्षं मेंढरं राखली होती. कुठल्या ओढ्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, हे विचारायला लांबलांबचे मेंढके त्यांच्याकडे येत.

निनाद पैठणकर मात्र संभाजीनगरहून आला होता. तो जुन्या लढायांचे गेम बनवायचा. येत्या रविवारी इतिहासप्रेमींच्या सभेत त्याचा वादविवाद होता, आणि त्याआधी त्याला पालखेडचं रान डोळ्यांनी बघायचं होतं. कुणीतरी सांगितलं, रान बघायचं तर म्हाळूबाबांबरोबर बघ.

त्यानं टॅब बाबांपुढे धरला. पडद्यावर माळ होता, तंबू होते, बोटाएवढे हत्ती-घोडे होते.

"मी निजामाकडून खेळतो. समोरचा बाजीरावाकडून. एक्केचाळीस डाव झाले. एक्केचाळीस जिंकलो."

"ते कसं काय?"

"समोरची फौज भोवती फिरत राहते. फिरेना का. मी तळ देऊन बसतो. अंगावर आली की मोडतो."

"किती दिवस बसतोस?"

"कितीही."

बाबांनी ते घोडे बराच वेळ निरखले.

"गुणी जनावरं आहेत," ते म्हणाले. "पाणी मागत नाहीत."

निनाद हसला. "गेम आहे, बाबा."

बाबा काठी टेकून उठले. फाल्गुनातलं ऊन डोक्यावर आलं होतं. मेंढरांना पाणी दाखवायची वेळ झाली होती.

"ही दोनशे मेंढरं. आज ही तुझी फौज. मी खाली डोहापाशी जाऊन बसतो. हाक मारीपर्यंत यांना इथंच धर."

"आणि तुम्ही काय करणार?"

"काही नाही."

बाबा उतार उतरून गेले. त्यांची दोन कुत्री मागोमाग गेली.

पहिली पाच-दहा मिनिटं बरी गेली.

मग एका म्हाताऱ्या मेंढीनं नाक वर केलं. खालून पाण्याचा वास आला असावा. ती निघाली. निनादनं तिला अडवलं, तोवर डावीकडून दहा निघाली. तो तिकडं धावला, तर उजवीकडून चाळीस. तो ओरडला, हात पसरून आडवा उभा राहिला, एका एडक्याची शिंगं धरून फरफटला. मेंढरं त्याच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली, जसा काही तो तिथं नव्हताच.

अर्ध्या तासात माळावर एकटा निनाद उरला. घसा कोरडा पडलेला. गुडघे सोललेले.

तो खाली आला, तेव्हा सगळा कळप ओळीनं डोहाला लागला होता. बाबा सावलीत बसले होते. जागचे हललेही नव्हते.

निनाद काठावर गुडघ्यांवर बसला आणि मेंढरांच्या रांगेतच ओंजळीनं पाणी प्यायला.

"आज मी त्यांची वाट अडवली नाही," बाबा म्हणाले. "कुत्री आवरून धरली होती."

निनादची ओंजळ अर्ध्यावर थांबली. "आणि बाजीरावानं अडवली होती..."

रविवारी सभा भरली. निनाद उभा राहिला आणि म्हणाला, "पालखेडला लढाई झाली होती. पण ती मला अजून दाखवता येत नाही. दोन महिने द्या."

सभागृहात हशा पिकला. एक्केचाळीस डाव जिंकलेला गडी न लढताच बसला, असं कुणीतरी म्हणालं. त्यानं ऐकून घेतलं.

दोन महिने त्यानं गेम उसकटून पुन्हा बांधला. ऊन घातलं. चारा घातला. प्रत्येक घोड्याला, बैलाला, माणसाला तहान दिली. आटलेल्या ओढ्यांची नावं तो फोनवर बाबांना विचारत राहिला.

वैशाखात तो परत माळावर आला. टॅब बाबांच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही बाजीराव. मी निजाम. आणि मी हातचं राखून खेळणार नाही."

"नकोच राखू," बाबा म्हणाले.

बाबा अंगठ्यानं खेळले. सावकाश. त्यांनी एकही स्वार अंगावर घातला नाही. एक तुकडी या ओढ्याला बसवली, एक त्या विहिरीला, एक नदीच्या वाटेवर.

निनादनं येत होतं ते सगळं केलं. रात्रीची कूच केली, हूल दिली, जड तोफा मागं टाकून पळ काढला. जिथं पोचावं तिथं बाबांचे स्वार आधीच उतरलेले. खेळातल्या तिसऱ्या दिवशी त्याचे बैल बसले. चौथ्या दिवशी हुकूम देऊनही घोडे हलेनात. ती सबंध फौज पडद्यावर धडधाकट उभी होती, आणि तिला काहीही करता येत नव्हतं.

निनादनं तहाचं बटण दाबलं.

नगारे वाजले. पडद्यावर भगवं निशाण फडकलं.

निनाद उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. एक्केचाळीस डावांत त्याला असं कधी झालं नव्हतं.

"झाली, बाबा. लढाई झाली. एकही माणूस न कापता झाली. आता सभेत हाच डाव दाखवतो, आणि हरलेला मी होतो हेही सांगतो... बाबा, तुम्ही पालखेड जिंकलात."

म्हाळूबाबांचं निशाणाकडे लक्ष नव्हतं. ते पडद्यावर वाकून काहीतरी शोधत होते.

"ते असू दे," ते म्हणाले. "या घोड्यांना आता पाणी पाजायचं, ते कुठं दाबायचं?"