माळ्यावरची ताई

फार मागे, इटलीतल्या एका टेकडीवर, एकाच वेलीला काळ्या द्राक्षांचे दोन घड लागले. सख्ख्या बहिणीच म्हणा, थोरली नि धाकटी. मालकीण रोझाल्बाने धाकटीला तोडल्या तोडल्या तुडवून तिची वाइन खालच्या पिंपात भरली. थोरलीला मात्र माळ्यावर बांबूच्या ताटीवर सुकत टाकलं.

थंडी वाढली तशी थोरली सुरकुतत गेली. धाकटी पिंपातून ओरडायची, "अगं ताई, म्हातारी झालीस की! तुला आता डुकरंच खाणार बघ." थोरलीला खरंच तीच भीती होती.

चार महिन्यांनी थोरलीला तुडवून आंबवलं आणि पिळलं. वाइन निघाली थोडीच, पण काय दाट, काय गडद! मागे उरला सालीबियांचा ओला चोथा; थोरलीचा जीव अजून त्यातच होता.

मग रोझाल्बाने धाकटीची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. "पाणचट मेली! ताईच्या चोथ्यावर ओतून बघते. सुधारली तर ठीक, नाहीतर व्हिनेगर करून टाकते."

धाकटी चोथ्यावर आली. "ताई, मी तुला नको नको ते बोलले. तू कशाला मला काही देशील?"

"मग कुणाला देऊ?" थोरली करवादली. "आणि रडू नकोस, आधीच पाणी फार आहे तुझ्यात. ये, टेक माझ्याजवळ."

आठवडाभर धाकटी तिथे मुरली. रोझाल्बा घोट घेऊन म्हणाली, "आता कशी!"

फिक्या पडलेल्या चोथ्याकडे तिने पाहिलंही नाही. धाकटी मात्र नव्या पिंपात उतरेपर्यंत वळून वळून पाहत होती.