गुरूच्या नावाचा धूप

फार जुन्या काळी, समुद्राकाठच्या एका रोमी शहरात एक ख्रिस्ती तत्त्वज्ञ राहत असे. तरुणपणी तो अनेक पंडितांकडे शिकला, पण कुठेच त्याचे मन भरले नाही. शेवटी ख्रिस्ताचे वचन कानी पडले आणि तो तिथेच थांबला. सार्वजनिक स्नानगृहावरच्या दमट खोलीत तो येईल त्याला शिकवी. विणकर येत, कोळणी येत. तो म्हणे, “सत्य कुणाच्याही तोंडून येवो, ते देवाचेच.”

त्याचा एक लाडका शिष्य होता. गुरू बोले, तो उतरून घेई.

एके वर्षी सम्राटाचा हुकूम आला. प्रत्येकाने चौकातल्या सम्राटाच्या पुतळ्यापुढे निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायचा, ‘सम्राट हाच देव’ म्हणायचे आणि तसा दाखला घ्यायचा. नाही घेतला तर मरण. गुरूने नकार दिला. त्याला कोठडीत टाकले आणि त्याच्यामागून सतरा जणांना धरले. कारकुनाची ओळख होती म्हणून शिष्य तेवढा बाहेर राहिला.

तो कोठडीच्या गजांशी गेला. “गुरुजी, तुम्ही काही करू नका. तुमच्या नावाने धूप मी टाकतो. कारकून दाखला देईल, तो दप्तरात पडून राहील.”

“दप्तरात पडून राहणाऱ्या कागदासाठी कुणी माणसे मारते का रे?” गुरू म्हणाला. “घरी जा. जेवला आहेस का?”

शिष्य घरी गेला नाही. गुरू मरणार हे त्याला सोसवेना. त्याने गुरूच्या नावाने धूप टाकला आणि दाखला घेतला.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराने सतरा जणांना चौकात उभे केले आणि तोच दाखला कारकुनाकडून मोठ्याने वाचून घेतला. “तुमचा गुरू शहाणा निघाला. आता तुमचे काय?”

त्या सतरांत एक कोळीण होती. तिला गर्दीत शिष्य दिसला. “लेका, तू त्यांच्याजवळचा. खरे आहे का हे? तू नाही म्हण, मी हलत नाही इथून.”

शिष्याने शिपायाच्या भाल्याकडे पाहिले. ‘धूप मी टाकला’ एवढेच म्हणायचे होते. तो म्हणाला, “दाखल्यावर नाव तर त्यांचेच आहे, मावशी.”

“मग आम्हीच येडे म्हणायचे,” कोळीण म्हणाली, आणि तिने चिमूट उचलली. तिच्यामागून तेरा जणांनी उचलली. उरलेल्या तिघांची मुंडकी तिथेच उडवली.

गुरूलाही सोडले नाही. तो बाहेर आला असता तर बोलला असता. त्याच दुपारी तुरुंगाच्या आवारात, कुणी पाहत नसताना, त्याचा शिरच्छेद झाला. शहरात बातमी पसरली की तो तापाने गेला, आणि लोक म्हणाले, “धूप टाकून तरी काय मिळवले?”

वीस वर्षांनी सम्राट बदलला, हुकूम मागे घेतला गेला. ख्रिस्ती मंडळी उघडपणे जमू लागली. अशाच एका सभेत शिष्य उठला आणि त्याने सारे सांगितले.

कोळीण आता थकली होती. तिने त्याचा हात धरला. “गुरूवर तुझी माया होती, म्हणून दोष आपल्यावर घेतोस. चांगला आहेस. बस खाली.”

सभेने मान हलवली आणि पुढचा विषय काढला.

तात्पर्य एवढेच: सत्य सांगायची एक वेळ असते. ती भीतीने दवडली, तर पुढे तेच सत्य खोट्यासारखे ऐकू येते.