रेड्याची ओटी

काजळघाटाच्या वळणांना अजून कठडे नव्हते, आणि समोरून गाडी आली तर दोघींपैकी एकीला मागं सरकावं लागायचं, त्या काळातली ही गोष्ट. त्याला फार वर्षं झाली. पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही, पण ऐकलेली माणसं गावोगाव आहेत.

घाटाच्या माथ्यावर वरकुसुंबे नावाचं गाव. गावाखाली, घाटाच्या मध्यावर, रस्ता एका जागी असा वळतो की गाडीचं तोंड डोंगराकडे असतं आणि मागची चाकं दरीच्या काठावर. त्या वळणाखाली ओढीण राहते, असं म्हणतात. तिला कुणी पाहिलेलं नाही. ती काही बोलत नाही, दिसत नाही, नुसती ओढते. वळणावर थांबलेली गाडी ब्रेक दाबलेला असला तरी बोट बोट मागं जाऊ लागते. बैलगाड्या होत्या तेव्हा बैल तिथं पाय रोवून उभे राहायचे आणि अंगभर थरथरायचे. तिथून जाताना माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नसत.

म्हणून गावानं एक ओढगाडी ठेवली होती. लष्करानं जुना म्हणून काढून टाकलेला डिझेल ट्रक, मागे हूक आणि जाड साखळी. काळा धूर सोडायचा आणि चढावर फुरफुरायचा, म्हणून त्याला सगळे रेडा म्हणायचे. घाटात गाडी अडकली की रेडा माथ्यावरून पाठीमागं पाठीमागं उतरत यायचा, साखळी लावून घ्यायचा, आणि तोंड वर करून तिला ओढत न्यायचा. तो चालवायचा म्हादबा.

पण रेडा म्हातारा झाला. ऑइल पिऊ लागला. काळा धूर निळा झाला. चढ लागला की धाप लागायची. तरी त्याला बाहेर काढत राहिले, कारण दुसरी गाडी नव्हती. एका वर्षी धुक्याच्या दिवसांत गुळाचा ट्रक वळणावर अडकला. ट्रकवर गावचाच भैरू होता. रेड्यानं ओढायला घेतलं आणि नेमका वळणावर त्याचा दम संपला. दोन्ही गाड्या मागं जाऊ लागल्या. रेड्याचं चाक डोंगराकडच्या एका दगडाला अडलं, पण साखळी त्याला खेचतच होती. म्हादबानं उडी टाकली आणि साखळीची खीळ उपटली.

रेडा राहिला. भैरू गेला. ट्रक खाली पडल्याचा आवाज शेवटपर्यंत आला नाही, असं म्हणतात.

त्यानंतर म्हादबा रेड्याजवळ फिरकला नाही. भैरूच्या बायकोनं, ताराक्कानं, त्याला कधी एका शब्दानं बोल लावला नाही, पण तो समोरून आला की ती वाट सोडून उभी राहायची आणि तो जाईपर्यंत जमिनीकडे बघायची. लोक म्हणू लागले, ओढिणीला आता रेड्याची चव कळली. अर्धा जीव तिनं खाल्लाय, उरलेला खायला ती थांबलीय. रेडा चिंचेखाली उभा राहिला. त्याच्या सावलीत कोंबड्यासुद्धा बसत नसत.

अशा वेळी बाबालाल शिकलगार गावात आला. त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या सुऱ्या-विळ्यांना धार लावायचं काम. हा एकटा इंजिनं दुरुस्त करायला शिकला होता. लांब हाताचा, हळू बोलणारा. त्यानं रेडा सुरू करायला लावला, एक लाकडी काठी इंजिनाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं, आणि बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. लोक लांब उभं राहून बघत होते. मग त्यानं सांगितलं की पिस्टन आणि त्याच्या रिंगा झिजल्यात, आतला जोर कडेनं निसटतोय, ओढायला काही उरतच नाही. सगळं उघडावं लागेल.

पारावरच्या म्हाताऱ्यांना ते पटलं नाही. "सुऱ्या घासायच्या सोडून आता रेड्याला धार लावतोय," एकजण म्हणाला. हसले सगळे, पण मोठ्यानं हसलं नाही कुणी. रेडा उघडला तर आत जे बसलंय ते बाहेर येईल, ही भीती सगळ्यांच्या मनात होती.

बाबालालनं उघडला. इंजिनाचं जड डोकं वर उचललं तेव्हा आतून एक उसासा बाहेर पडला, आणि थोड्या वेळानं तसाच उसासा खाली दरीतून आला, असं म्हणतात. बायकांनी पोरं घरात घेतली. बाबालाल काम करत राहिला.

त्याची कामाची पद्धत लोकांना अजून पाठ आहे. तो पांढरं धोतर अंथरायचा आणि काढलेली प्रत्येक वस्तू डिझेलनं धुऊन त्यावर ओळीनं मांडायचा. जी जिथून निघाली ती तिथंच परत जाणार. पिस्टन ज्यात वरखाली होतात ते नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा त्यानं शहरातून आणल्या. ज्याच्यावर सगळं इंजिन फिरतं तो क्रँक मात्र त्यानं स्वतः घासला, घरातला सगळा शिकलगारपणा त्यात ओतून. तो इतका गुळगुळीत झाला की त्यात तोंड दिसायचं. एकदा त्यात बघताना बाबालाल दचकून मागं वळला. मागं कुणी नव्हतं. त्यानंतर तो दरीकडे पाठ करून कधी बसला नाही.

त्याचा एक नियम होता. नवं बांधलेलं इंजिन आधी रिकामं चालवायचं, मग हलक्या ओझ्यानं, आणि ते रुळल्यावरच त्याच्यामागे साखळी लावायची. गावानं मान डोलावली. पण ताराक्काला थांबायला वेळ नव्हता. तिची मुलगी सुगंधा पहिलटकरीण होती, कोकणात दिलेली, आणि दसरा झाला की बाळंतपणाला माहेरी यायची होती. यायचा रस्ता एकच, काजळघाट. ताराक्का रोज चिंचेखाली येऊन विचारायची, झालं का? बाबालाल म्हणायचा, होतंय.

खंडेनवमी आली. त्या दिवशी गावात कुणी हत्याराला काम लावत नाही. धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. बाबालालनंही नट-बोल्टचे पाने, हातोड्या मांडून ठेवल्या, फुलं वाहिली, आणि तो दिवसभर खालच्या वाडीत पाहुण्यांकडे गेला. इंजिन उघडंच होतं, वर नुसतं फडकं. ताराक्का पूजेचं ताट घेऊन आली. हळद-कुंकू लावलं. मग तिच्या मनात आलं, ओढीण बाईमाणूस आहे, हा रेडा तिच्या तोंडचा घास आहे, याला घरचा करून घेतला तर ती हात लावणार नाही. तिनं फडकं बाजूला केलं आणि माहेरवाशिणीची भरतात तशी रेड्याची ओटी भरली. इंजिनात जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं चिमूट चिमूट तांदूळ घातले.

दुसऱ्या दिवशी बाबालालनं फडकं उचललं तर आत तांदूळ. ताराक्काला बोलावलं.

"ओटी भरली मी त्याची," ती म्हणाली. "त्यात काय वावगं केलं?"

"वावगं नाही, आक्का. पण याला तांदूळ पचत नाहीत."

इंजिनात ऑइल फिरायला सुईसारख्या बारीक वाटा असतात. एक दाणा अडकला तरी पुढचा भाग कोरडा पडतो. बाबालालनं पुन्हा सगळं सुटं केलं, वाटांतून तार घातली, फुंकर मारली, दाणे वेचले. ताराक्का शेजारी बसून ताटात गोळा करत होती. किती घातले होते ते तिला सांगता येईना. शेवटी रेडा बांधून झाला, सुरू झाला, आणि इतका गोड चालला की पारावरची माणसं उठून जवळ आली. फक्त बाबालाल हसला नाही. इंजिनाच्या डोक्यातून त्याला एक कोरडी कुरकुर ऐकू येत होती. वर जाणाऱ्या सगळ्यात बारीक वाटेत एक दाणा बसला होता. उद्या सकाळी पुन्हा उघडतो, असं तो म्हणाला.

त्याच दिवशी, ऊन उतरताना, घाटात धुकं चढलं. खालून एक गुराखी धावत आला. ओढिणीच्या वळणावर टेम्पो बंद पडला होता, मागचं एक चाक दरीवर गेलं होतं. आत पोटुशी बाई होती. कुणी हललं की टेम्पो कलत होता, म्हणून कुणालाच उतरता येत नव्हतं.

सुगंधा ठरल्या दिवसाआधीच निघाली होती.

ताराक्का रडली नाही. ती बाबालालपुढे येऊन उभी राहिली. गाव ऐकत होतं, आणि गर्दीच्या मागे म्हादबाही होता.

"साखळी सोडाल का, मिस्त्री?"

"नाही सोडणार."

मग बाबालालनं म्हादबाला हाक मारली. म्हादबा गर्दीतून पुढे आला. बाबालालनं त्याला सांगितलं की वरचा भाग कोरडा पडतोय, तिथं ऑइल हातानंच सोडावं लागेल, म्हणून गाडी तुलाच चालवावी लागेल. त्यानं बॉनेट काढून टाकलं, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढलं, आणि ऑइलचा डबा घेऊन तो मडगार्डवर बसला. डाव्या, दरीकडच्या मडगार्डवर. त्या बाजूनंच हात पोचत होता.

"मागं बघू नकोस, माझ्याकडं बघू नकोस," तो म्हादबाला म्हणाला. "नुसतं ऐकत राहा. कोरडा आवाज आला तरच थांब."

रेडा धुक्यात पाठीमागं उतरला. साखळी लागली. टेम्पोत कुणी श्वाससुद्धा मोठा घेत नव्हतं. म्हादबानं पहिला गिअर टाकला, आणि साखळी ताणली गेली तशी ती गाऊ लागली, एकाच सुरात, रडणाऱ्या बाईसारखी. रेड्याची चाकं जागच्या जागी फिरली. मग तो मागं सरकला, बोटभर, अजून बोटभर. दरीतून वारा नव्हता तरी धुकं रस्त्यावर चढत होतं आणि रेड्याच्या पायांत शिरत होतं. धुक्यातून कुणीतरी म्हादबाला भैरूच्या आवाजात नावानं हाक मारली, असं म्हणतात. त्यानं बघितलं नाही. त्यानं ऐकलं. इंजिनावर ऑइलची धार पडत होती, आणि वरचा आवाज ओला होता.

रेड्यानं पाय रोवले. टेम्पोचं चाक काठावर आलं, मग रस्त्यावर आलं. रेडा वळण चढला. पुढचा सगळा चढ म्हादबानं तसाच काढला, नजर समोर, कान इंजिनावर. कोरडा आवाज एकदाही आला नाही. माथ्यावर कंदील घेतलेली माणसं दिसली तेव्हा त्यानं रेडा थांबवला आणि प्रथमच डावीकडे पाहिलं.

मडगार्ड रिकामं होतं.

माणसं मशाली घेऊन उतरली. ऑइलचा डबा वळणावर सापडला, काठाशी, आडवा पडलेला. म्हणजे बाबालाल तिथंच गेला होता, साखळी गात होती तेव्हाच. कुणी किंकाळी ऐकली नव्हती. पण वळणापासून माथ्यापर्यंत रस्ता बराच आहे, आणि तेवढ्या चढात कोरडं इंजिन जळून बसलं असतं. म्हादबानं रेड्याच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं ऑइलनं भिजलेलं होतं, आणि वरून अजून थेंब थेंब पडत होते. त्यांच्या वर धुक्याशिवाय काही नव्हतं.

सुगंधाला मुलगा झाला. ताराक्कानं तो मांडीवर घेतला, पण बारशाला ती गाणं म्हणाली नाही.

आता घाट रुंद झाला आहे, कठडे आहेत, ओढायला मोठ्या क्रेन येतात. तरी वरकुसुंब्याची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची असली की तिच्या घरचं कुणीतरी उजेड असताना वळणावर जातं आणि वाटीभर ऑइल काठावरून खाली सोडतं. सोडताना म्हणतात, "मिस्त्री, आमची येतेय." मग मागं न बघता वर येतात. आणि क्रेनचे चालक, परगावचे असले तरी, वळणावर साखळी लावली की दरीकडचा आरसा आत वळवून ठेवतात. धुक्याच्या दिवसांत त्या बाजूनं धार पडल्याचा आवाज येतो, असं म्हणतात. तो येतोय तोवर ओढत राहायचं. तो थांबला तर काय करायचं, हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही.